वाचन, मैत्री आणि निर्मिती : मुक्तिबोध बंधूंच्या नागपूरच्या संदर्भात

१

काव्यहेतूंची चर्चा करताना आपण बहुधा प्रतिभेपाशी थांबतो. वस्तुतः मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास यांचा एकत्रित विचार केला आहे. निपुणता लोक, शास्त्र व काव्य यांच्या अवलोकनातून येते; अभ्यास काव्य जाणणाऱ्यांच्या शिकवणुकीने व्हावयाचा असतो. राजशेखराने काव्याच्या ज्या आठ माता सांगितल्या, त्यांत प्रतिभेच्या जोडीला बहुश्रुतता आणि विद्वत्कथा, म्हणजे जाणत्यांशी होणारे संभाषण, यांनाही स्थान आहे. वाचन आणि सहवास ही निर्मितीची बाह्य सोय नसून तिचेच अंग होय, ही जाणीव आपल्या परंपरेत होती. एकाकी, स्वयंभू कवीच्या रोमँटिक कल्पनेने ती मागे सारली. प्रस्तुत निबंधात गजानन माधव मुक्तिबोध (१९१७-१९६४) आणि शरच्चंद्र मुक्तिबोध (१९२१-१९८४) या बंधूंच्या आधारे तिचा पुनर्विचार करावयाचा आहे.

२

मराठीत सामूहिक काव्यव्यवहाराचे ठळक उदाहरण म्हणून रविकिरण मंडळाचा निर्देश केला जातो. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या या मंडळात माधव जूलियन, यशवंत, गिरीश आदी कवी होते. एकत्र बसून कविता वाचणे, ती गाऊन लोकांपर्यंत नेणे आणि संग्रह काढणे असा त्यांचा व्यवहार होता. या मैत्रीने कवितेला श्रोता मिळवून दिला, हे तिचे मोठे कार्य. परंतु मैत्रीचे आणखी एक कार्य संभवते. ते म्हणजे कवीला अडवणे, त्याच्या वाचनाला आणि अनुभवाला प्रश्न विचारणे. मुक्तिबोधांच्या संदर्भात हे दुसरे कार्य अधिक महत्त्वाचे ठरते.

मराठी घरात वाढलेल्या गजाननरावांनी हिंदी ही निर्मितीची भाषा निवडली. माळव्यातील शुजालपूरच्या शाळेत त्यांना नेमिचंद्र जैन यांचा सहवास लाभला. बर्गसाँच्या वाचनात रमलेले त्यांचे मन मार्क्सवादाकडे वळले, त्यात या मैत्रीचा वाटा मोठा होता. १९४३ मध्ये अज्ञेय यांच्या संपादनाखाली निघालेला ‘तार सप्तक’ हा सात कवींचा संग्रहही सहकारी प्रकाशनाच्या कल्पनेतून जन्मला. या सातांत मुक्तिबोध, जैन आणि मराठीतही लिहिणारे प्रभाकर माचवे होते. ते एकमताचे मात्र नव्हते. जैन-मुक्तिबोध पत्रव्यवहार ‘पाया पत्र तुम्हारा’ या नावाने १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका कवीच्या जडणघडणीत मित्राला लिहिलेले पत्र किती खोलवर काम करते, हे त्यावरून दिसते.

३

१९४८ ते १९५८ हे दशक गजाननरावांनी नागपुरात काढले. १९५६ पर्यंत नागपूर ही मराठी-हिंदी अशा द्विभाषिक मध्यप्रदेशाची राजधानी होती. शासकीय माहिती खाते, आकाशवाणी आणि त्यानंतर ‘नया खून’ हे साप्ताहिक अशी त्यांची नोकरीची वाट होती. गांधीबाग, इतवारी, महाल, शुक्रवारी हा जुन्या शहराचा सलग टापू. कापडाच्या पेढ्यांवर दोन्ही भाषांत व्यवहार चालणारा आणि १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या कामगारवस्तीशी जोडलेला. मिलच्या कामगारांवरील गोळीबाराचा अनुभव ‘अंधेरे में’ या दीर्घ कवितेमागे असल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे.

या अनुभवाची कविता कशी होते, याचा शोध ‘एक साहित्यिक की डायरी’ (१९६४) मधील ‘तीसरा क्षण’ या लेखात आहे. कलेचे तीन क्षण तेथे कल्पिले आहेत. जीवनातील उत्कट अनुभव हा पहिला क्षण. तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून अलग होऊन मनश्चक्षूंपुढे फँटसीचे रूप घेतो, तो दुसरा. ही फँटसी शब्दबद्ध होण्याची, आणि होता होता बदलत जाण्याची, प्रक्रिया हा तिसरा. हा विचार निबंधाच्या सरळ रीतीने येत नाही. केशव नावाच्या मित्राशी चाललेल्या संभाषणातून तो उलगडतो. डायरीतील इतरही लेखांत असा एखादा संवादक भेटतो.

संवादाची ही योजना केवळ शैलीची म्हणता येणार नाही. भाषा ही सामाजिक संपत्ती आहे. म्हणून तिसऱ्या क्षणी कवीच्या खाजगी फँटसीला समाजाच्या अर्थांशी झगडावे लागते, अशी मुक्तिबोधांची भूमिका आहे. आमच्या मते या झगड्यात समाजाचा पहिला प्रतिनिधी म्हणून मित्र उभा असतो. ‘म्हणजे काय?’ असे तो विचारतो, आणि त्या प्रश्नाने अनुभवाला शब्दाची वाट शोधावी लागते.

४

याची दुसरी बाजू ‘ब्रह्मराक्षस’ या कवितेत दिसते. ओसाड बारवेत राहणारा हा ज्ञानी पिशाच प्राचीन ऋचांपासून आधुनिक तत्त्वज्ञांपर्यंत सर्व काही वाचून बसला आहे. अंगावरचा मळ तो अखंड घासतो, तरी तो सुटत नाही. त्याच्यापाशी वाचन आहे, परंतु सहचर नाही. त्याची शोकांतिका अज्ञानाची नसून न वाटलेल्या ज्ञानाची आहे. म्हणूनच कवितेच्या अखेरीस निवेदक त्याचा शिष्य होऊन त्याचे अपुरे कार्य पुढे नेऊ इच्छितो. ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’ या कथेत तर विद्या दुसऱ्याच्या हाती सोपविल्यावरच गुरूला मुक्ती मिळते. वाचनातून प्रेरणा मिळते हे विधान या दोन कृतींच्या प्रकाशात अपुरे ठरते. वाचलेले कुणापुढे तरी ठेवले गेले पाहिजे.

५

शरच्चंद्रांचे अध्यापन आणि लेखनही नागपुरातच बहरले. ‘नवी मळवाट’ (१९४९) या संग्रहाने मराठी नवकवितेत सामाजिक जाणिवेचा स्वतंत्र स्वर आणला. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथास १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. साहित्याचे मूल्य मानुषतेत शोधणारी त्यांची मांडणी आणि सौंदर्यानुभवाचे जीवनानुभवाशी नाते शोधणारी थोरल्या भावाची मांडणी एकाच प्रश्नाभोवती फिरतात. कोणी कोणाकडून काय घेतले, असा हिशोब येथे अप्रस्तुत आहे. प्रश्न सामायिक होता. उत्तरे दोन भाषांत, आपापल्या स्वभावानुसार घडली.

असे असूनही वाङ्मयेतिहासाने त्यांना दोन कप्प्यांत ठेवले. मराठी विभागात धाकटे आणि हिंदी विभागात थोरले शिकविले जातात, आणि जो संवाद दोघांच्या लेखनामागे होता तो कोणत्याच अभ्यासक्रमात बसत नाही. ज्या नागपुरात हे लेखन घडले, तेथे तरी ‘तीसरा क्षण’ आणि ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ यांचे एकत्र वाचन व्हावयास हवे. ते दोन्ही भाषांच्या विद्यार्थ्यांनी शेजारी बसून, एकमेकांना प्रश्न विचारीत केले, तर अभ्यासाची पद्धतही विषयाला साजेशी होईल.