खाडीच्या शांत पाण्यात

उर्दूत ‘दरया’ म्हणजे नदी. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र. शब्द एकच, फारसीतून आलेला. आपल्या धर्माबादजवळून वाहणाऱ्या गोदावरीला घरी तुम्ही दरया म्हणता, ते बरोबरच आहे. मात्र मराठीच्या पेपरात ‘गोदावरी दर्या’ लिहू नका! पण अशी एक जागा असते, जिथे हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. तिथे नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी एकमेकांत मिसळते. तिला खाडी म्हणतात.

अशीच एक खाडी सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याला आहे. तिचे नाव मांडवी. समुद्र जवळच असतो, पण त्याच्या लाटा आत येत नाहीत. होडीला इंजिन नसेल तर वल्ह्यांचा आवाज तेवढा ऐकू येतो.

बाभळीचा बंधारा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याचे दरवाजे १ जुलैला उघडतात आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बंद होतात. खाडीला दरवाजा नसतो. तिथे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चढते ती भरती, उतरते ती ओहोटी. ओहोटीच्या वेळी काठावर नुसता काळा चिखल दिसतो. पाहणाऱ्याला वाटते, ही जागा काय कामाची? याच समजुतीने अनेक ठिकाणी खाड्यांत भराव टाकले गेले आणि झाडे तोडली गेली.

या चिखलात हवा फार कमी असते. म्हणून तिवराच्या झाडाची काही मुळे जमिनीतून वर येतात आणि खिळ्यांसारखी उभी राहून श्वास घेतात. तिवराचे पान जिभेला लावून पाहा, खारट लागेल. कारण झाड नको असलेले मीठ पानांतून बाहेर टाकते. कांदळाची तऱ्हा तर आणखी निराळी. त्याचे बी झाडावरच रुजते आणि शेंगेसारखे लोंबते. मग ते रोप खाली पडून चिखलात उभे राहते किंवा पाण्याबरोबर दूर जाते. या झाडांच्या मुळांमध्ये मासे आणि कोळंबीची पिल्ले वाढतात. खाडीतली झाडे तोडली की कोळ्याच्या जाळ्यात काय येणार, ते तुम्हीच सांगा. म्हणूनच महाराष्ट्रात २०१२ साली कांदळवन कक्ष स्थापन झाला आणि २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांची तोड थांबवण्याचा निकाल दिला.

तुमच्या ओळखीचा ‘नाखुदा’ मराठीत ‘नाखवा’ झाला. नाखवा म्हटले की पुरुषच डोळ्यांसमोर येतो. पण २०१७ साली वेंगुर्ल्याच्या ‘स्वामिनी’ महिला बचत गटाने मांडवी खाडीत पाहुण्यांसाठी कांदळवनाची फेरी सुरू केली, तेव्हा वल्ही बायकांनी हाती घेतली. झाडांची ओळख करून देण्याचे कामही त्यांनीच अंगावर घेतले. मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते. मासळीच्या बाजाराइतकीच उभी असलेली झाडेही घराला कमाई देऊ शकतात, हे त्यांनी करून दाखवले.

तुम्ही कधी कोकणात गेलात तर अशा होडीत जरूर बसा. जीवरक्षक जाकीट घाला, मग पोहता येत असो वा नसो. होडीत उभे राहू नका. गप्पा बेताने मारा, म्हणजे फांदीवरचा खंड्या उडणार नाही आणि चिखलात उड्या मारणारी निवटी दिसेल. निवटी हा मासा आहे, बेडूक नव्हे!

निघण्यापूर्वी भरतीची वेळ विचारून घ्या. ती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे कालच्या वेळेवर आजची होडी सुटत नाही. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास भरती सर्वांत मोठी असते. तिला उधाण म्हणतात. ईदचा चंद्र दिसतो, त्या दिवसांत खाडीला असेच उधाण आलेले असते.