भरतीच्या पुढचे नऊ महिने

पोलीस भरतीची चाहूल लागली की अमरावती-अकोल्याची मैदानं पहाटे पाचलाच भरतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक असे मैदानीचे ५० गुण, लेखीचे १००. घरच्यांचा जीव या १५० गुणांत अडकलेला असतो. निवड झाल्यावर पोराचं कसं होईल, हे विचारणारे पालक मला क्वचित भेटतात.

निवडीनंतर साधारण नऊ महिन्यांचं मूलभूत प्रशिक्षण असतं. राज्यातल्या पोलीस प्रशिक्षण केंद्रांपैकी एक अकोल्यातच आहे, पण आपल्या मुलाला तेच मिळेल असं धरून चालू नका. बाह्यवर्गात पीटी, कवायत, शस्त्र, आंतरवर्गात कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यामुळे कलमंही नवी. कवायतीने पिंडऱ्या भरून आलेल्या, कायद्याच्या तासाला पंख्याखाली बसलं की डोळे मिटतात आणि परीक्षा तर त्याच तासाच्या अभ्यासावर होणार. बराकीत एकांत नाही. पाऊल चुकलं तर सगळ्यांसमोर बोलणी बसतात. घरी ज्याला कुणी मोठ्याने बोललं नाही, ते पोरगं पहिल्याच महिन्यात खचतं.

अशा वेळी आपण फोनवर सांगतो, ‘सहन कर, सरकारी नोकरी आहे.’ या एका वाक्याने फार नुकसान होतं. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात चक्कर आली, मळमळलं, लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच क्षणी थांबून डॉक्टर गाठायला हवा. पण ‘कामचोर म्हणतील’ या धाकाने पोरं हे लपवतात. रात्ररात्र झोप न लागणं, जेवण तुटणं, सारखं रडू येणं हेही तसंच लपवलं जातं. दुखणं वेळेवर सांगता येणं ही या पेशातली मोठी ताकद आहे, असं मी ठामपणे मानतो. पुढे बंदोबस्तात, अपघाताच्या जागी, प्रेताजवळ उभं राहताना तीच कामी येते.

ती कमवायची कशी? अमरावतीत शरीर घडवणाऱ्यांची उणीव नाही. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. मनाची तयारी मात्र आपण देवावर सोडतो. भरतीच्या तयारीतच रात्री दहाला झोपायची सवय लावा. घराबाहेर, चार अनोळखी पोरांसोबत राहू द्या. कपडे त्यालाच धुऊ द्या. एखाद्या भरतीत अर्ध्या गुणाने हुकलं तर आठ दिवस त्याला टोचून बोलू नका. हार पचवायला पोरगं तिथेच शिकतं. पदवी अर्धवट सोडू देऊ नका. दुसरी वाट शाबूत असली की पहिलीवरचा दाब निम्मा होतो.

‘मानसोपचारवाल्याकडे गेलं तर रेकॉर्डवर येईल,’ ही भीती पालक हळू आवाजात बोलून दाखवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. पोरगं केंद्रावर निघायच्या आदल्या रात्री तो त्याच्या आणि तुमच्याही मोबाइलमध्ये टाका. आणि फोन आला की गुणांच्या आधी विचारा, ‘झोप लागते का रे?’