बांधावरील माकडलिंबू

उन्हाळ्यात बांधबंदिस्तीची कामे निघाली की बांधावरील काटेरी झुडुपे सरसकट तोडली जातात. बोरी, करवंदी यांच्याबरोबर माकडलिंबूही त्यात जाते. जवळ लिंबाची बाग असलेला शेतकरी तर ते मुळासकट खणून काढतो. बागेतील पाने खाणारी अळी तेथूनच येते, असा त्याचा समज असतो. हा समज तपासून पाहणे अवश्य आहे.

माकडलिंबू हे लिंबू, बेल व कवठ यांच्या कुळातील, आपल्याच भूमीतील झुडूप होय. कोकणात व सह्याद्रीच्या उतारावरील रानांत ते आढळते. पान एकेरी, जाड व तुकतुकीत असून ते चुरगळल्यास लिंबाचा वास येतो. बेलाचे पान त्रिदल असते, त्यामुळे दोहोंत घोटाळा होण्याचे कारण नाही. फुले पांढरी व सुवासिक, फळ मोठ्या बोराएवढे.

या झुडपावर रानातील बऱ्याच जीवांचा निर्वाह चालतो. फुलांवर मधमाश्या येतात. काट्यांच्या आडोशाला बुलबुल घरटे बांधतो व पिलांना किडे भरवतो. महाराष्ट्राने २०१५ साली ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्या नीलवंताची मादी याच्या पानांवर अंडी घालते. तिची अळी लिंबाच्या कुळातील पानांवरच वाढते. ज्वारी, भात किंवा भाजीपाल्यास तिचा उपद्रव नाही.

आता बागेचा प्रश्न. लिंबावरील फुलपाखराची अळी रोपांची कोवळी पालवी फस्त करते, ही गोष्ट खरी. परंतु ते फुलपाखरू दूरवर उडणारे असून बेल व कढीलिंब यांवरही वाढते. परसातील कढीलिंब कोणी तोडत नाही, मग बांधावरच्या झुडपावरच राग का? शिवाय या फुलपाखरांची अंडी व कोष यांवर जगणारे बारीक परोपजीवी कीटकही अशा झुडुपांत आसरा घेतात.

उपाय बागेतच करावा. रोपवाटिकेत व लहान कलमांवर नवी पालवी फुटताच पाहणी ठेवावी. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी हिरवी होते. डिवचल्यास ती डोक्यामागून दुहेरी शिंग बाहेर काढते व उग्र वास सोडते. त्यास भिण्याचे कारण नाही. अळ्या हाताने वेचून नष्ट कराव्यात; प्रादुर्भाव अधिक असल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. मोठ्या झाडांना थोड्या अळ्यांनी विशेष बाध येत नाही. मात्र रोपवाटिकेच्या अगदी लगत माकडलिंबू नव्याने लावू नये.

बुलबुलाची घरटी नेमकी बांधबंदिस्तीच्या दिवसांतच असतात. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काम सुरू होण्यापूर्वी बांधावरून एक फेरी मारून राखावयाच्या झुडुपांना खूण करून ठेवावी. पसारा वाढला असल्यास छाटणी हिवाळ्यात करावी. कुंपणात जेथे खिंडार पडले असेल तेथे पिकल्या फळांतील ताजे बी टोकावे. वाढ सावकाश होते, तेव्हा पहिली दोन-तीन वर्षे रोपांभोवती काट्या रोवाव्यात.