खर्जाचे उपासक

स्वातंत्र्यदिनाच्या संचलनात पोलिसांचे किंवा लष्कराचे बँडपथक वाजतगाजत पुढे सरकू लागले, की बघ्यांचे डोळे प्रथम ढोलांकडे आणि झळाळणाऱ्या कर्ण्यांकडे वळतात. त्यांच्या मागे एखादा वादक अजगरासारखी वेटोळी घातलेली जाड पितळी नळी छातीशी धरून चालत असतो. त्याचे ते अवजड वाद्य पाहून लहान मुले हसतात आणि पुन्हा पुढे पाहू लागतात. त्याचा स्वर निराळा असा कोणाच्या कानांत भरत नाही. परंतु तो वादक क्षणभर थांबला, तर साऱ्या पथकाचे संगीत पोकळ वाटू लागते. या मोठ्या वाद्याचे नाव ट्यूबा, आणि त्याच्याच घडणीच्या धाकट्या भावंडाचे नाव युफोनियम.

ही वाद्ये फार प्राचीन नव्हेत. प्रशियाच्या लष्करी बँडचे प्रमुख वीप्रेख्ट आणि बर्लिनचे वाद्यकार मोरिट्झ यांनी १८३५ साली ट्यूबाचे एकस्व, म्हणजे आपल्या शोधावरील हक्काची सरकारी सनद, मिळविली. पुढे १८४३ च्या सुमारास जर्मनीतीलच वायमार नगरात झोमर यांनी युफोनियम सिद्ध केले. युफोनियम या नावाचे मूळ ग्रीक भाषेत असून त्याचा अर्थ 'मधुर स्वराचे' असा आहे.

दोहोंतून स्वर निघण्याची रीत एकच. वादक पेल्यासारख्या मुखपात्रावर ओठ टेकवून श्वास सोडतो. ओठ थरथरतात व त्या कंपनाने नळीतील हवेचा स्तंभ नादू लागतो. ओठ आवळले, की स्वर चढतो. सैल सोडले, की उतरतो. बोटांनी व्हॉल्व्ह दाबले, म्हणजे हवेला नळीच्या आणखी एका वळणातून जावे लागते. वाट लांबते आणि स्वर खाली येतो. पहिला व्हॉल्व्ह स्वर एका पूर्ण स्वरांतराने उतरवितो, दुसरा अर्ध्याने, तर तिसरा दीड स्वरांतराने. युफोनियमची नळी उलगडली, तर ती सुमारे ९ फूट भरेल; मोठ्या ट्यूबाची सुमारे १८ फूट. नळी दुप्पट झाली, म्हणून ट्यूबाचा स्वर बरोबर एक सप्तक खाली उतरला.

असे असूनही या वाद्यांच्या वाट्याला मान फारसा आला नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदात तीसच्या आसपास व्हायोलिनवादक असतात, पण ट्यूबावादक बहुधा एकच. युफोनियमला तर तेथे कायमची जागाच नाही. त्याचे घर लष्करी बँड आणि पितळी वाद्यांची पथके. थोर संगीतकारांनी व्हायोलिनसाठी व पियानोसाठी अमाप रचना केल्या. मात्र एकट्या ट्यूबाने पुढे होऊन वाजवावे आणि साऱ्या वाद्यवृंदाने त्याला साथ द्यावी, अशी रचना करावी असे त्यांच्या मनात येईना. १९५४ साली ८१ वर्षांचे इंग्रज संगीतकार व्हॉन विल्यम्स यांनी अशी रचना केली, तेव्हा लंडनच्या रसिकांना मोठे नवल वाटले.

ज्या वाद्याला जागा एक आणि स्वतःच्या रचना थोड्या, त्या वाद्याच्या अध्ययनाला कोणी आयुष्य वाहावे काय? या प्रश्नाला अमेरिकेतील एका शेतकऱ्याच्या मुलाने आपल्या आचरणाने उत्तर दिले. त्याचे नाव हार्वे फिलिप्स.

हार्वेचा जन्म १९२९ साली मिझूरी राज्यातील ऑरोरा या लहान गावी झाला. शाळेत असतानाच ट्यूबा त्याच्या हाती आला, आणि तो पुन्हा सुटला नाही. शिक्षण पुरे होण्यापूर्वीच तो सर्कशीच्या बँडमध्ये दाखल झाला. सर्कशीतील वादकाला उसंत कसली! घोडे दौडू लागले, की एक चाल. कसरतपटू झुल्यावरून झेपावले, की दुसरी. एक चाल संपते न संपते, तोच दुसरी धरावयाची. या धावपळीत हार्वेचा दमसास वाढला आणि हात तयार झाला.

न्यूयॉर्कमध्ये त्याला विल्यम बेल हे गुरू लाभले. बेल हे न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या विख्यात वाद्यवृंदातील ट्यूबावादक. त्यांच्या सांगण्यावरून हार्वे ज्युलियार्ड या संगीतविद्यालयात शिकू लागला. गुरूंनी त्याला केवळ बोटे चालविण्यास शिकविले नाही. ट्यूबा हे थट्टेचे वाद्य नसून गाणारे वाद्य आहे, ही श्रद्धा त्यांनी त्याच्या ठायी रुजविली. बेल यांनी उतारवयात इंडियाना विद्यापीठात अध्यापन केले. १९७१ साली त्यांचे निधन झाले, आणि त्याच वर्षी त्यांच्या जागी फिलिप्स यांची नेमणूक झाली. १९९४ पर्यंत, म्हणजे २३ वर्षे, त्यांनी ते आसन भूषविले.

विद्यापीठात या वाद्यांचे अध्ययन कसे चालते, हे पाहण्याजोगे आहे. ट्यूबा व युफोनियम यांचे विद्यार्थी बहुधा एकाच गुरूपाशी शिकतात. आठवड्यातून एकदा प्रत्येक विद्यार्थ्याला गुरूंसमोर एकट्याने बसावे लागते. उरलेल्या दिवशी सरावाच्या लहानशा खोलीत त्याची तपश्चर्या चालू असते. आपल्याकडील गवई पहाटे उठून खर्ज भरतात, तसाच हा विद्यार्थी प्रथम एक खालचा स्वर धरतो आणि तो न थरथरता, न फाटता, श्वास संपेपर्यंत टिकवितो. मोठ्या ट्यूबाला हवा इतकी लागते, की श्वासाचा हिशेब चुकला, तर वाक्य मध्येच तुटते. त्यामुळे श्वास कोठे घ्यावा, हेही त्याला अभ्यासून ठरवावे लागते.

त्यानंतर स्वरपाठांची पुस्तके उघडली जातात. यांतील पुष्कळशी दुसऱ्यांसाठी लिहिलेली आहेत, ही मोठी गमतीची गोष्ट होय. फ्रान्सच्या आर्बां यांचे पुस्तक कॉर्नेट या छोट्या कर्ण्यासाठी, कोप्राश यांचे पाठ हॉर्नसाठी, तर बोर्दोन्यी यांचे पाठ चक्क गायकांच्या गळ्यासाठी! धाकट्या भावाने थोरल्याचे कपडे वापरावेत, त्याप्रमाणे ट्यूबाचे विद्यार्थी ही पुस्तके वापरतात. तथापि त्यात लाभही आहे. गळ्यासाठी लिहिलेले पाठ वाजविता वाजविता त्यांचे जड वाद्य गाऊ लागते.

एवढ्यावर शिक्षण संपत नाही. संगीताचे शास्त्र आणि त्याचा इतिहास शिकावा लागतो. ऐकलेला स्वर तत्काळ लिहिता यावा, यासाठी कान तयार करावा लागतो. पियानोही थोडा वाजविता यावा लागतो. बँडमध्ये व वाद्यवृंदात इतरांबरोबर वाजविताना आणखी एक धडा मिळतो. ट्यूबावादकाला कधीकधी कितीतरी वेळ मोजीत स्वस्थ बसावे लागते, आणि मग नेमक्या क्षणी एकच स्वर द्यावा लागतो. तो स्वर चुकला, तर सर्वांना कळते; बरोबर आला, तर कोणालाच कळत नाही! सत्राच्या शेवटी परीक्षकांपुढे वादन होते, आणि पदवीपूर्वी विद्यार्थी श्रोत्यांसमोर आपला स्वतंत्र कार्यक्रम सादर करतो.

पदवी मिळाली, तरी पुढील वाट सोपी नसते. वाद्यवृंदातील एका जागेसाठी कित्येक उमेदवार येतात. निवड निःपक्षपाती व्हावी म्हणून त्यांना पुष्कळदा पडद्याआडून वाजवावे लागते. परीक्षकांना चेहरा दिसत नाही, नाव कळत नाही. फक्त स्वर ऐकू येतो. ज्यांना तेथे स्थान मिळत नाही, त्यांपैकी काही लष्करी बँडमध्ये जातात, काही शाळांमधून मुलांना संगीत शिकवितात. ही अडचण ठाऊक असूनही विद्यार्थी हा मार्ग स्वीकारतात, यातच त्यांच्या निष्ठेची कसोटी आहे.

फिलिप्स यांनी ही अडचण जाणली आणि तिच्यावर आपल्या परीने उपाय योजला. आपल्या वाद्यासाठी रचना नाहीत म्हणून ते कुढत बसले नाहीत. ते संगीतकारांकडे गेले आणि त्यांना नव्या रचना करण्याची विनंती करीत राहिले. ॲलेक वाइल्डर यांच्यासारख्या गुणी संगीतकारांनी ती मानली. १९७३ साली इंडियाना विद्यापीठात त्यांनी ट्यूबावादकांचा आंतरराष्ट्रीय मेळावा भरविला. आजवर एकेकटे बसून वाजविणारे लोक तेथे एकमेकांना भेटले.

परंतु त्यांच्या मनात गुरूंचे ऋण सलत होते. बेल यांचा जन्म १९०२ सालच्या नाताळच्या दिवशी झाला होता. तेव्हा नाताळच्या सुमारास केवळ ट्यूबा व युफोनियम यांचाच एक मोठा कार्यक्रम करून गुरूंना वंदन करावे, असे त्यांनी ठरविले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये बर्फावर घसरत खेळण्याचे प्रसिद्ध अंगण आहे. ती जागा त्यांनी मागितली. शेकडो ट्यूबा एके ठिकाणी वाजणार, हे ऐकून तेथील व्यवस्थापक बुचकळ्यात पडले. आपल्याविषयी कोण ग्वाही देईल, असे त्यांनी विचारले. फिलिप्स यांनी बर्नस्टाइन, स्टोकोव्स्की यांसारख्या जगद्विख्यात संगीतकारांची नावे व दूरध्वनी क्रमांक पुढे केले! चौकशी झाली आणि जागा मिळाली.

२२ डिसेंबर १९७४ रोजी त्या अंगणात तीनशेहून अधिक वादक जमले. वाइल्डर यांनी नाताळची गीते खास या वाद्यांसाठी बांधून दिली होती. एरवी इतरांच्या मागे राहणारा तो खर्जाचा स्वर त्या दिवशी उंच इमारतींच्या मधोमध एकटाच घुमला. जी गीते श्रोत्यांनी बालपणापासून ऐकली होती, ती त्यांना जणू नव्याने ऐकू आली. हा परिपाठ पुढे अनेक नगरांत पसरला. आजही दर वर्षी नाताळच्या सुमारास शाळकरी मुले आणि पांढऱ्या केसांचे वृद्ध आपापली वाद्ये घेऊन एकत्र बसतात व वाजवितात.

हार्वे फिलिप्स २०१० साली निवर्तले. ट्यूबा आजही वाद्यवृंदात एकच असतो आणि मागेच बसतो. फिलिप्स यांनी त्याची जागा बदलली नाही. त्या जागेवर बसणाऱ्याला आपल्या कामाचा अभिमान वाटावा, असे मात्र केले. इमारतीचा पाया दिसत नाही, म्हणून तो घालणाऱ्याने कामात कसूर करावी काय? सरावाच्या खोलीत एकटाच बसून एक स्वर पुन्हा पुन्हा लावणारा विद्यार्थी या प्रश्नाचे उत्तर न बोलता देत असतो.

शब्दार्थ
खर्ज – खालचा, गंभीर स्वर. दमसास – श्वास टिकवून धरण्याची शक्ती. सप्तक – सात स्वरांचा समूह. परिपाठ – नेहमीची रीत. कसूर – उणीव, हयगय.

स्वाध्याय
१. ट्यूबाचा स्वर युफोनियमच्या स्वराहून एक सप्तक खाली का असतो?
२. ट्यूबाचे विद्यार्थी इतर वाद्यांसाठी व गायकांसाठी लिहिलेले पाठ का वाजवितात? त्यांपासून त्यांना कोणता लाभ होतो?
३. फिलिप्स यांनी गुरूंचे ऋण कसे फेडले, ते आठ-दहा ओळींत लिहा.
४. 'तो स्वर चुकला, तर सर्वांना कळते. बरोबर आला, तर कोणालाच कळत नाही!' असे काम करणारी कोणती माणसे तुमच्या गावात आहेत? त्यांच्यापैकी एकाविषयी माहिती मिळवून लिहा.