आइसलँडचा पाहुणा नागपूरच्या उन्हाळ्यात



एखाद्या गावातल्या लोकांना ज्या गोष्टी रोजच्याच वाटतात, त्यांच्याकडे परका प्रवासी डोळे विस्फारून पाहतो. आइसलँडला जाऊन आलेल्या माणसाला तिथल्या राहणीविषयी विचारा. तो सांगेल की, भर थंडीत तिथले लोक उघड्यावरच्या गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बसून गप्पा मारतात. तान्ह्या मुलांना उबदार कपड्यांत गुंडाळून बाबागाडीत घराबाहेर झोपवतात. काही ठिकाणी राय नावाच्या धान्याचा पाव चक्क गरम जमिनीत पुरून भाजतात.

यातल्या बऱ्याच चालीरीतींचे मूळ जमिनीखाली आहे. त्या देशात जमिनीखाली फार खोल न जाताच भरपूर उष्णता मिळते. राजधानी रेक्याविक येथे १९३० साली गरम झऱ्यांचे पाणी नळांनी एका शाळेत आणि काही घरांत आणले गेले. आज त्या देशातली दहापैकी सुमारे नऊ घरे अशा भूगर्भातील उष्णतेवर उबदार राहतात.

आता आपण उलटा प्रवास करू. समजा, तिथला एक पाहुणा मे महिन्यात नागपूरला तुमच्या घरी उतरला. त्याच्या गावी जुलैत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, दुपारचे सरासरी तापमान १५ अंश सेल्सिअसच्या आतच असते. आपल्याकडे मे महिन्यात ते ४२-४३ अंश असते आणि २३ मे २०१३ रोजी तर नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. असा पाहुणा आपल्या वहीत काय काय टिपून घेईल? आणि त्याने "असे का?" म्हणून विचारले, तर तुम्ही काय उत्तर द्याल?

पहिली नोंद : मातीच्या भांड्यात गार पाणी

"येथे पाणी गार करण्यासाठी मातीचे सच्छिद्र भांडे वापरतात. ते बाहेरून सतत ओले असते, पण ते गळके आहे असे कोणी म्हणत नाही!"

माठाचे ओले असणे हेच त्याचे काम आहे. छिद्रांतून झिरपलेल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता माठातल्या पाण्यातून घेतली जाते. हिलाच आपण अप्रकट उष्णता म्हणतो. ३० अंशांच्या आसपास १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी लागतात. आता हिशेब करा. माठात १० लिटर, म्हणजे १०,००० ग्रॅम पाणी आहे आणि ते १० अंशांनी गार करायचे आहे. त्यासाठी १,००,००० कॅलरी काढून घ्याव्या लागतील. १,००,००० ला ५८० ने भागले की उत्तर येते सुमारे १७२ ग्रॅम. एका पेल्याहूनही कमी पाणी उडून गेले आणि माठभर पाणी गार झाले! (बाहेरून आत येणारी उष्णता येथे धरलेली नाही. प्रत्यक्षात पाणी थोडे अधिक उडते.)

दुसरी नोंद : खिडकीला गवताची पेटी

"मार्च संपत आला की घरोघरी पत्र्याची एक पेटी बाहेर निघते. तिच्या तीन बाजूंना नवे गवत बसवतात, त्यावर पंपाने पाणी सोडतात आणि पंख्याने हवा आत ओढतात."

हा आपला कूलर. म्हणजे जणू पंखा लावलेला मोठा माठच! पूर्वी दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडत, त्यामागचे तत्त्वही हेच. कूलर हवा किती गार करील, याला एक मर्यादा असते. तापमापकाच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळून वारा घातला असता तो जे तापमान दाखवतो, त्याला 'ओल्या फुग्याचे तापमान' म्हणतात. कूलरची हवा याच्याखाली जात नाही.

मे महिन्यातल्या दुपारी हवा ४४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फुग्याचे तापमान सुमारे २३ अंश येते. दोहोंतला फरक झाला २१ अंश. चांगला कूलर यातले तीन-चतुर्थांश अंतर कापतो, म्हणजे हवा २८-२९ अंशांपर्यंत उतरते. मात्र खोलीची दुसरी खिडकी थोडी उघडी हवी. दमट झालेली हवा बाहेर गेली नाही, तर पुन्हा तीच हवा फिरत राहते आणि अंग चिकचिकते. शिवाय टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून टाकी घासावी. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारे डास अंडी घालतात.

तिसरी नोंद : ऊन वाढले की कपडे वाढतात!

"आमच्याकडे ऊन पडले की लोक कपडे कमी करतात. येथे मात्र डोके, कान, चेहरा दुपट्ट्यात गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवतात."

पाहुण्याचा गोंधळ साहजिक आहे. आपल्या त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असते. हवा त्याहून थंड असेल तर शरीरातली उष्णता हवेत जाते. पण हवा ४४ अंश असेल तर उष्णता उलट दिशेने, हवेकडून शरीराकडे वाहते. अशा वेळी कापड हे थंडीसाठी नव्हे, तर गरम वारा आणि सूर्याचे प्रारण अडवण्यासाठी असते. सैल सुती कापड घाम शोषते आणि तो हळूहळू उडू देते. कापड ओले असेल तर फारच उत्तम.

चौथी नोंद : संध्याकाळी गच्चीवर पाणी

"सूर्य मावळला की गच्चीवर बादल्यांनी पाणी ओततात. मग तेथेच अंथरुणे पडतात."

दिवसभर तापलेल्या सिमेंटमध्ये पुष्कळ उष्णता साठलेली असते. पाण्याची वाफ होताना ती निघून जाते. रात्री आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल, तर गच्ची आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे सोडते. घरात मात्र तापलेले छत आणि भिंती उशिरापर्यंत आपल्याकडे उष्णता फेकत राहतात. ढगाळ रात्री गच्चीवरही उकडते, कारण ढग त्यातली बरीच उष्णता पुन्हा खाली पाठवतात.

पाचवी नोंद : पन्हे आणि खिशातला कांदा

"पाहुण्याला कच्च्या आंब्याचे आंबटगोड, खारट पेय देतात. उन्हात जाताना खिशात कांदा ठेवायला सांगतात."

यातल्या पन्ह्याला आधार आहे. घामाबरोबर पाणी आणि मीठ दोन्ही जातात. मीठ आणि साखर एकत्र असली की आतडे पाणी लवकर शोषते. याच तत्त्वावर मीठ-साखरेच्या पाण्याने डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याच्या असंख्य रोग्यांना वाचवले. खिशातल्या कांद्याचे मात्र तसे नाही. तो शरीरातली उष्णता काढून घेईल असा कोणताही मार्ग भौतिकशास्त्राला सापडत नाही. कांदा जेवणात खुशाल खा, पण खिशात कांदा आहे म्हणून भर दुपारी हिंडू नका. रूढी जुनी आहे एवढ्याने ती खरी ठरत नाही, आणि जुनी आहे एवढ्याने खोटीही ठरत नाही. प्रत्येकीला "उष्णता गेली कोठे?" हा प्रश्न विचारावा.

पण जून आला की?

पाहुणा जूनच्या अखेरपर्यंत राहिला, तर त्याला एक चमत्कार दिसेल. तापमान ३४ अंशांवर उतरले आहे, तरी कूलर निरुपयोगी झाला आहे! हवेत ७५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फुग्याचे तापमान सुमारे ३० अंश असते. फरक उरला फक्त ४ अंशांचा. कूलर जेमतेम ३ अंश उतरवील.

मित्रांनो, आपले शरीरही एक माठच आहे. उन्हात कष्ट करणाऱ्या माणसाला तासाला एक लिटरपर्यंत घाम येऊ शकतो. तो सगळा उडाला तर ५,८०,००० कॅलरी उष्णता घेऊन जातो. पण घाम नुसता ओघळला तर काहीच उपयोग होत नाही. ओल्या फुग्याचे तापमान ३५ अंशांवर गेले की निरोगी माणूससुद्धा सावलीत बसून फार वेळ तग धरू शकणार नाही, असे गणित सांगते. अलीकडच्या प्रयोगांत ही मर्यादा त्याहूनही बरीच खाली आढळली आहे. म्हणून मे महिन्यात शरीरातले पाणी संपण्याचा धोका, तर जूनमध्ये घाम न उडण्याचा धोका. केवळ तापमानाचा आकडा पाहून निर्धास्त राहू नये.

हा धोका सर्वांना सारखा नाही. ज्याच्या घरी कूलर आहे तो दुपारी आत बसतो. रिक्षा ओढणारे, विटा वाहणारे, डांबर टाकणारे लोक बाहेरच असतात. म्हणूनच अहमदाबादने २०१३ साली आणि नागपूरने २०१६ साली उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडा तयार केला. पण दारात पाण्याचा एक माठ ठेवण्यासाठी आराखड्याची वाट पाहावी लागत नाही. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला आणि त्याचे अंग तापलेले असेल, तर त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

करून पाहा

सारखे दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती मलमलीचे ओले फडके गुंडाळा. दोन्ही सावलीत टांगून पुठ्ठ्याने वारा घाला. ओल्या तापमापकाचा पारा उतरायचा थांबला की दोन्ही आकडे वहीत लिहा. मे महिन्यापासून पाऊस सुरू होईपर्यंत रोज दुपारी तीन वाजता ही नोंद ठेवा. दोन आकड्यांतला फरक आणि घरातला कूलर किती गार वाटतो, यांचा मेळ घाला.

आणि एक प्रश्न : आइसलँडच्या पाहुण्याने परत जाताना आपला माठ रेक्याविकला नेला, तर तेथे त्यातले पाणी बाहेरच्या हवेपेक्षा १० अंशांनी गार होईल काय? उत्तर कारणांसह लिहा.