पंख्यात दोर अडकल्यानंतर : कपलिंगची दुरुस्ती कशी करावी?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात काय किंवा राजिवड्याच्या खाडीत काय, नौकेच्या पंख्यात दोर अथवा तुटके जाळे अडकणे ही नवी गोष्ट नाही. कोणीतरी पाण्यात उतरतो, दोर कापून काढतो, इंजिन सुरू होते आणि नौका पुन्हा मासेमारीला निघते. पण चार दिवसांनी इंजिनखान्यात धडधड ऐकू येऊ लागते, ग्लँडमधून पाणी वाढते आणि कपलिंगचे बोल्ट तुटतात. फिटर नवे बोल्ट घालून देतो, तेही तुटतात. अशा वेळी दोष बहुधा बोल्टचा नसतोच. तो नेमका कुठे आहे हे कसे ओळखावे, ते कारागीर बंधूंनी आणि नौकामालकांनीही समजून घेणे आवश्यक आहे.

नुकसान कसे होते?

दोर शाफ्टभोवती गुंडाळला जातो तेव्हा पंखा एकदम थांबतो, पण इंजिनचा जोर चालूच असतो. हा सारा धक्का कपलिंगवर येतो. त्यामुळे बोल्ट कातरतात, चावीचा गाळा रुंदावतो, शाफ्टला वाक येतो किंवा इंजिन आपल्या जागेवरून सरकते. कधी गुंडाळलेला दोर शाफ्टला मागे ओढतो. कपलिंग सुटलेले असेल तर शाफ्ट सुकाणूपर्यंत सरकू शकतो. तो नळीतून बाहेर निघाला तर त्या भोकातून थेट पाणी आत येते. म्हणून दोर अडकताच इंजिन बंद करावे. पुढे-मागे गिअर टाकून दोर तोडण्याचा प्रयत्न करू नये. पाण्यात माणूस उतरण्यापूर्वी इंजिनची चावी काढून तांडेलाने स्वतःजवळ ठेवावी. कपलिंग सुटले असल्यास ग्लँडच्या पुढे शाफ्टवर घट्ट क्लँप आवळावा, म्हणजे शाफ्ट मागे जाणार नाही.

दोष ओळखण्याची रीत

कपलिंग उघडण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर पंचने समोरासमोर खूण करावी. बोल्ट काढल्यावर शाफ्ट आपल्या वजनाने खाली झुकतो, म्हणून त्याला मधोमध राहील असा आधार द्यावा. प्रथम दोन्ही फ्लँजच्या कडा वर-खाली व डावी-उजवीकडे एका रेषेत आहेत का, ते सरळ पट्टी लावून पाहावे. मग फ्लँज जवळ आणून वर, खाली, डावीकडे व उजवीकडे अशा चार ठिकाणी फीलर गेजने फट मोजावी व आकडे लिहून ठेवावेत.

आता गिअर बॉक्सचा फ्लँज न हलवता फक्त शाफ्ट पाव फेरा फिरवावा आणि पुन्हा मोजावे. असे चार वेळा करावे. रुंद फट शाफ्टबरोबर फिरत असेल तर शाफ्ट वाकलेला आहे किंवा त्याचा फ्लँज तिरका बसला आहे. रुंद फट एकाच जागी राहत असेल तर इंजिन रेषेतून सरकले आहे. या दोन दोषांचे उपाय वेगळे आहेत. वाकलेल्या शाफ्टसाठी इंजिनखाली शिम घालत बसणे म्हणजे मेहनत वाया घालवणे होय.

दुरुस्तीचा क्रम

शाफ्ट वाकल्याचा संशय असेल तर नौका किनाऱ्यावर घेऊन शाफ्ट बाहेर काढावा. तो लेथवर किंवा व्ही ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावून फिरवावा. गेजचा काटा एका फेऱ्यात ०.४० मि.मी. फिरला तर प्रत्यक्ष वाक त्याच्या निम्मा, म्हणजे ०.२० मि.मी. असतो. पंख्याची पातीही तपासावीत, कारण एक पाते वाकले तरी धडधड कायम राहते.

चावी गाळ्यात दोन्ही बाजूंनी घट्ट बसली पाहिजे, वरच्या बाजूला मात्र थोडी मोकळीक हवी. रुंद झालेल्या गाळ्यात पत्रा ठोकू नये. गाळा नव्याने कापून योग्य मापाची चावी बनवावी.

इंजिनची रेष शेवटी पाण्यातच जुळवावी. किनाऱ्यावर टेकलेल्या नौकेचा सांगाडा थोडा वेगळ्या आकारात असतो. पाण्यात उतरवल्यावर तिला एक दिवस स्थिर होऊ द्यावे. सर्वसाधारण नियम असा की, फ्लँजच्या व्यासाच्या दर १०० मि.मी.ला फटीतील फरक ०.१ मि.मी.पेक्षा जास्त नसावा. जुन्या कारागिरांच्या भाषेत दर इंचाला एक थाऊ. १५० मि.मी. फ्लँजला ही मर्यादा ०.१५ मि.मी. होते. गिअर बॉक्स बनवणाऱ्या कंपनीने याहून कडक माप दिले असेल तर तेच पाळावे.

बोल्ट आवळून फट बंद करणे ही मोठी चूक आहे. त्याने फट दिसेनाशी होते, पण ताण बेअरिंगवर व गिअर बॉक्सवर जातो. बोल्ट मूळ मापाचे व ८.८ दर्जाचे घ्यावेत, समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत आणि लॉक नट लावावेत. तासभर खाडीत चालवून बोल्ट पुन्हा तपासावेत व पहिल्या फेरीनंतर आणखी एकदा पाहावेत.

व्यवहाराची बाजू

१ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी संपते तेव्हा बर्फ व डिझेल भरून खलाशी तयार असतात. "बोल्ट घाल आणि सोड" असा मालकाचा आग्रह असतो. त्याचीही अडचण खरी असते, कारण उभ्या नौकेचा खर्च थांबत नाही. परंतु भर समुद्रात शाफ्ट सुटला तर नौका वाऱ्याबरोबर खडकाकडे जाते आणि प्रश्न माणसांच्या जिवाचा होतो. अशा वेळी फिटरने वाद घालण्याऐवजी मोजलेले आकडे कागदावर लिहून मालकासमोर ठेवावेत. त्याची एक प्रत आपल्याकडे ठेवावी. बिलात बोल्ट, लेथकाम आणि रेष जुळवणी वेगवेगळी दाखवावी. रेष जुळवणीची मजुरी आपण मागत नाही, म्हणून मालकालाही तिची किंमत कळत नाही.

पंख्यातून काढलेला दोर किंवा जाळे पुन्हा पाण्यात टाकू नये, बंदरात आणावे. आज सोडलेला तोच दोर उद्या शेजाऱ्याच्या पंख्यात अडकतो.