वीस टक्के, पण कशाचे?

मुलगा किंवा मुलगी बी.ई. होऊन नोकरीला लागली, वर्ष-दोन वर्षांत एमबीएचं बोलायला लागली, की घरात काळजी सुरू होते. चार वर्षं आणि एवढी फी वाया गेली का? वाया काही गेलं नाही. पण इंजिनिअरिंगची पदवी आहे म्हणून बिझनेस स्कूल पायघड्या घालेल, हाही भ्रम आहे. मुलाखतीच्या रांगेत तुमच्या पुढचा इंजिनिअर असतो आणि मागचाही. काही आयआयएम तर निवडीच्या वेळी बिगर-इंजिनिअरांना जादा गुण देतात. पवईची नायटी, १९६३ सालची संस्था, मुख्य अभ्यासक्रमांना वर्षानुवर्षं फक्त इंजिनिअर घ्यायची. २०२३ मध्ये तिची आयआयएम मुंबई झाली आणि आता तिथल्या एमबीएला इतर शाखांची मुलंही येतात.

मग अर्जात वजन कशाने येतं? मुलांचे बायोडेटा वाचताना एक ओळ हमखास भेटते: ‘पाच जणांच्या टीमचं नेतृत्व केलं, कार्यक्षमता वीस टक्क्यांनी वाढवली.’ मुलाखत घेणारा शांतपणे विचारतो, वीस टक्के कशाचे? इथे निम्मी मुलं अडखळतात.

समजा, मुलगा चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये आहे. डाय, म्हणजे साचा, बदलायला दीड तास लागायचा. पुढची डाय आणि बोल्ट आधीच ट्रॉलीवर तयार ठेवायची पद्धत त्याने घातली आणि तेच काम चाळीस मिनिटांवर आलं. बहुतेक मुलं इथेच थांबतात, कारण इंजिनिअरचं काम इथे संपतं. बिझनेस स्कूलला पुढचं हवं असतं. डाय बदलायला तास-दीड तास जात असेल तर कारखाना एका पार्टचा मोठा लॉट एकदमच काढून ठेवतो. तो माल गोदामात पडून राहतो आणि त्यात पैसा अडकतो. वेळ कमी झाला की लॉट लहान करता येतो, माल साचत नाही, अडकलेला पैसा मोकळा होतो. आणि वीस वर्षं त्याच प्रेसवर काम केलेल्या सेटरला ही नवी पद्धत कशी पटवली? त्याने आधी धुडकावून लावलं असेल तर तेही सांगावं. माझ्या मते अख्ख्या अर्जात याहून मोलाचं काही नसतं. आयटीवाल्यांनाही हेच लागू. कोडिंगच्या कोणत्या भाषा येतात यापेक्षा, क्लायंटने मागितलेलं फीचर तुम्ही का अडवलं किंवा का सोपं केलं, हे ऐकायला समोरचा जास्त उत्सुक असतो.

प्रमाणपत्रांचं मात्र फार मनावर घेऊ नका. पालक हौसेने पैसे भरतात, मुलगा रात्री व्हिडिओ पुढे ढकलत कोर्स संपवतो, आणि मुलाखतीत त्यावर दोन प्रश्न आले की उघडा पडतो. त्यापेक्षा स्वतःच्या शाखेचे मूळ विषय पुन्हा चाळावेत. मेकॅनिकलच्या मुलाला थर्मोडायनॅमिक्सचा साधा नियम सांगता आला नाही, तर पुढची नेतृत्वाची कहाणी कुणी मन लावून ऐकत नाही. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट बाहेरून करून घेतलं असेल, तर ते अर्जात मिरवू नये, एवढंच सांगतो.

आयआयएमच्या कॅट या प्रवेश परीक्षेत इंजिनिअरांची खरी अडचण इंग्रजी उताऱ्यांची असते. तिन्ही विभागांना चाळीस-चाळीस मिनिटं, एका विभागाचा वेळ दुसऱ्याला देता येत नाही, आणि नावाजलेल्या संस्था प्रत्येक विभागाचा वेगळा कटऑफ लावतात. म्हणजे गणितातले ढीगभर गुण उताऱ्यांचं भगदाड बुजवत नाहीत. रोज एक लांब लेख वाचावा, तोही तंत्रज्ञानाबाहेरचा: इतिहास, अर्थकारण, कला, काहीही.

संस्था कशी निवड करते हेही आधी बघावं. जमनालाल बजाजमध्ये राज्याच्या सीईटीतून, कॅप या केंद्रीय प्रवेश फेरीने भरल्या जाणाऱ्या जागांना मुलाखत नाही, तिथे गुणच बोलतात. अंधेरीच्या एसपी जैनमध्ये प्रोफाइलला मोठं महत्त्व आहे. हैदराबादच्या आयएसबीला निबंध आणि शिफारसही लागते. ही शिफारस रोजचं काम पाहणाऱ्या साहेबांकडून घ्यावी. ओळखीतल्या बड्या डायरेक्टरचं गोलमोल पत्र काही कामाचं नाही.

‘तयारीसाठी नोकरी सोडू दे का?’ हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. शक्यतो नको. कॅट नोव्हेंबरअखेर असते, अर्ज साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतात. तोवर नोकरीतच राहून साहेबांना एक विनंती करावी: महिन्यातून एकदा कॉस्टिंगच्या किंवा परचेसच्या मीटिंगला मला मागे बसू द्या.